चार सेकंदांची जागा

१

सकाळी नऊ ते अकरा मी कपडे धुते आणि इंग्रजी शब्द पाठ करते. दोन्ही एकदमच, कारण कामावर जायला दुपारी एकला सांता आना शहराची बस धरायची असते आणि शब्द तीन हजार दोनशे आहेत. मागच्या अंगणात सिमेंटचं टाकं आहे. त्याच्या काठावर साबणाच्या वाटीशेजारी फोन ठेवते आणि माझी शिकवणी घेणाऱ्या विल्बरने त्यात भरून दिलेला पाठ लावते. विल्बर एक शब्द म्हणतो, मग चार सेकंद गप्प बसतो. त्या चार सेकंदांत तो शब्द मी म्हणायचा. मग तो अर्थ सांगतो, पुन्हा चार सेकंद, पुन्हा मी. जागा रिकामी सोडायची नाही, ही त्याची एकच अट. टेलिफोनवरची दुभाषी चार सेकंद गप्प बसली तर तिकडच्या डॉक्टरला वाटतं लाईन तुटली, आणि तो फोन ठेवून देतो.

मी सेहेचाळीस वर्षांची आहे. नऊ वर्षं कॉल सेंटरमध्ये बसून अमेरिकन बायकांच्या फ्रिजच्या तक्रारी ऐकतेय. फ्रिजपुरतं इंग्रजी मला फर्डं येतं, पण दवाखान्यातलं इंग्रजी निराळं. तिथे नुसत्या दुखण्याचे साठ-सत्तर शब्द आहेत. ठणका वेगळा, सणक वेगळी, मुकी कळ वेगळी, एका जागी उठून पाठीत जाणारी वेगळी. हे सगळं पाठ करायचं, परीक्षा द्यायची आणि तिकडच्या हॉस्पिटलांत अडकलेल्या आपल्या माणसांसाठी टेलिफोनवर दुभाषीचं काम करायचं, असं मी ठरवलं आहे.

का ठरवलं, तेही सांगून टाकते. माझी धाकटी बहीण अरेली ह्यूस्टनला लोकांची घरं साफ करायची. चार वर्षांपूर्वी एका सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. हॉस्पिटलात ती अकरा तास एका खाटेवर पडून होती, आणि गेली. तिला इंग्रजीचे चाळीसेक शब्द यायचे, त्यातले निम्मे फरशी पुसण्याचे. कागदावर त्यांनी लिहिलं होतं, 'रुग्णाशी संवाद होऊ शकला नाही.' शवपेटी आली, इथे आमच्या आवाचापानच्या कबरस्तानात आम्ही ती पुरली. तेव्हापासून आई रोज जेवताना एकदा तरी विचारते, "शेवटी काय म्हणाली असेल गं ती?"

मी सांगते, माहीत नाही. ते खरंच आहे. जे माहीत आहे ते मात्र सांगत नाही. त्या दिवशी अरेलीने मला नऊ वेळा फोन लावला होता. तेव्हा माझी शिफ्ट सकाळची होती, आणि शिफ्ट सुरू होताना आमचे फोन लोखंडी कपाटात कुलूपबंद करतात. ती फोन लावत होती तेव्हा मी आयोवातल्या एका बाईला बर्फाचा ट्रे कसा सोडवायचा ते समजावत होते, अगदी साखर घोळलेल्या आवाजात. आईला हे कळलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तर एका मंगळवारी मी चादर वाळत घालत होते आणि माझ्या दातांत तीन चिमटे होते. विल्बर म्हणाला, "स्टॅबिंग." म्हणजे सुरी खुपसल्यासारखं दुखणं. तोंड भरलेलं, म्हणून मी गप्प. चार सेकंद रिकामे गेले असं मला वाटलं.

ते रिकामे गेले नव्हते. घरातून कुणीतरी म्हणालं, "एस्टॅबिंग."

आमच्याकडची नवशिकी माणसं असंच म्हणतात, त्यांच्या जिभेला आधी एक 'ए' लागतो, पायरीसारखा. मला वाटलं आई माझी टर उडवतेय. मी हसले, चिमटे काढले आणि ओरडले, "आई, तू दे माझ्याऐवजी परीक्षा!" उत्तर आलं नाही. मग आठवलं, आई मका दळायला गिरणीत गेली होती आणि पुढच्या दाराला बाहेरून कडी होती.

२

पहिला संशय मी पोपटावर घेतला. शेजारच्या लूसमावशींचा पोपट बोलका आहे. पण त्याला फक्त शिव्या येतात, आणि त्यासुद्धा आपल्या भाषेतल्या. इंग्रजी शिकण्याइतका तो महत्त्वाकांक्षी नाही.

गुरुवारी मी मुद्दाम धुणं बाजूला ठेवलं. आई पुन्हा गिरणीत गेली होती. पाठ लावला, बादली पालथी घालून तिच्यावर बसले आणि तोंड मिटून घेतलं. ऊन चढलं होतं, पत्रा तापून मधूनच कडकडत होता. विल्बर म्हणाला, "नम्ब." बधिर.

एक, दोन, तीन. "नम्ब," घरातून आलं.

आवाज बाईचा होता, बारीक. वर्गात मागच्या बाकावरची पोर चुकेल म्हणून हळू म्हणते ना, तसा. तो अरेलीच्या खोलीतून आला होता. ती खोली आता आम्ही अडगळीसारखी वापरतो. दार नाही, पडदा आहे. आत तिचं शिलाई मशीन, मक्याची दोन पोती, आणि खिळा ठोकून बंद केलेली खिडकी. मी साबणाच्या हातांनी पडदा सारला. कुणी नव्हतं. पोत्यांच्या मागे पाहिलं, मशीनखाली पाहिलं. स्वतःची लाज वाटली, तरी पाहिलं.

आणि मी तिथे वाकलेली असताना अंगणात विल्बर पुढचा शब्द म्हणाला. "थ्रॉबिंग." ठसठस.

"थ्रॉबिंग," कुणीतरी म्हणालं. या वेळी अंगणातून, बादलीच्या बाजूने, जिथून मी आत्ताच उठून आले होते.

मी बाहेर धावले. बादली होती, ऊन होतं, फोन होता. पुढचे आठ दिवस असंच चाललं. मी ज्या जागी नसेन तिथून ते यायचं. मी आत तर ते बाहेर, मी बाहेर तर ते आत.

मी काही अंगात येणाऱ्यांतली बाई नाही. मी हिशेब मांडला की नऊ वर्षं कानाला हेडफोन लावलाय, कान वाजणारच. झोप पाच तास, वर परीक्षा सहा आठवड्यांवर. सगळं पटण्यासारखं होतं. पण वाजणारे कान शिकतात का? कारण तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो पायरीचा 'ए' गळून पडला होता. ज्या शब्दावर माझी जीभ अजून अडखळत होती तो शब्द ती सफाईने म्हणायची. कानामागून आली आणि तिखट झाली. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. विम्याचे, कोर्टाचे, कागदपत्रांचे शब्द लागले की ती गप्प असायची. तिला फक्त अंगाचे शब्द हवे होते.

मी आता रोज दात घट्ट मिटून तिच्यासाठी जागा सोडत होते. अभ्यास तिचा चालला होता आणि परीक्षेचा अर्ज माझा होता.

३

विल्बर वीस वर्षं लॉस एंजेलिसमध्ये राहिला आणि मग त्याला हाकलून परत पाठवलं. त्याचं इंग्रजी पाण्यासारखं वाहतं आणि आपल्या भाषेत तो लंगडतो. बाजारात बायका त्याला परका समजून टोमॅटोचा दुप्पट भाव सांगतात, आणि त्याला भांडायला शब्द सुचत नाहीत. शनिवारी सकाळी तो फोनवर माझा सराव घ्यायचा. डॉक्टरही तोच व्हायचा, पेशंटही तोच.

"नीन्या तेंचा काय म्हणतात?" त्या शनिवारी त्याने विचारलं. गावात सगळे माझ्या आईला असंच म्हणतात.

"गिरणीत गेलीय. हल्ली रोजच मका दळते, कुणासाठी कोण जाणे."

"बरं. नियम म्हण."

"काही गाळायचं नाही, काही भरायचं नाही. आणि पेशंट 'मी' म्हणाला की मीही 'मी'च म्हणायचं. 'ती म्हणतेय तिला दुखतंय' असं नाही. 'मला दुखतंय.'"

"शाब्बास! तू तिथे नाहीसच. तू नुसतं तोंड. मागच्या वेळी 'बिचारी म्हणतेय' असं म्हणालीस. ते 'बिचारी' कुणी मागितलं होतं?"

"सवय आहे रे."

"सवय घाल त्या टाक्यात. चल, मी डॉक्टर." आणि त्याने जाड आवाज काढून इंग्रजीत विचारलं, "कुठे दुखतंय तुम्हाला?"

मी ते आपल्या भाषेत फिरवलं, अगदी स्वच्छ. मग थांबले. आता विल्बरने पेशंट होऊन उत्तर द्यायचं होतं. तो काही बोलायच्या आत अरेलीच्या खोलीतून इंग्रजीत उत्तर आलं. दोनच शब्द. उजव्या बाजूला.

मी फोनवर हात दाबला, पण उशीर झाला होता.

"कोण आहे गं तिथे?" त्याने विचारलं.

"कुठे कोण?"

"अगं, ताकाला जाऊन भांडं का लपवतेस? कुणाला शिकवतेयस तर शिकव, मी काय फी मागणार आहे? उच्चार छान आहे तिचा. नुसता दम लागलाय." मग त्याचा आवाज उतरला. "यानिरा, फार दम लागलाय तिला. पळत आलीय का? पाणी दे जरा."

मी फोन ठेवून दिला. माझे कान वाजत नव्हते. कान वाजतात, एवढा एकच आधार होता, तोही गेला.

४

मी अभ्यास बंद केला. फोन ड्रॉवरमध्ये टाकला, कपडे मुक्याने धुतले. तीन दिवस घर शांत होतं. लूसमावशींचा पोपट तेवढा शिव्या देत होता, आणि त्याचा मला आधार वाटायचा.

चौथ्या दिवशी मी कॉलर घासत असताना अरेलीच्या खोलीतून शब्द आला. "स्टॅबिंग."

आणि मग शांतता. मी मनात मोजलं, बरोबर चार सेकंद. पुन्हा, "स्टॅबिंग." पुन्हा चार सेकंद. ती माझ्यासाठी जागा सोडत होती. शिकवणी आता तिने घ्यायला घेतली होती.

मी उत्तर दिलं नाही. ती थकली नाही. अर्धा तास तोच शब्द, तीच जागा. शेवटी मी हात न पुसताच स्वयंपाकघरात पळाले. आई टेबलाशी बसून राजमा निवडत होती. आज ती गिरणीत गेली नव्हती, हे मी विसरलेच होते. तिने मान वर केली नाही.

"उत्तर दे ना तिला," ती म्हणाली.

मी खुर्चीवर बसले. "तुला ऐकू येतं?"

"म्हातारी झालेय मी, बहिरी नाही झाले."

"कधीपासून?"

"तुझ्या आधीपासून. तू दुपारी गेलीस की ती एकटीच म्हणत बसते. सकाळी तुमच्या अभ्यासात लुडबूड नको म्हणून मी गिरणीत जाते." तिने एक खडा काढून बाजूला ठेवला. "मशीनवर कॉफी ठेवते तिच्यासाठी. पीत नाही. पहिल्यापासूनच तिला कॉफीचं कौतुक नाही."

"आई, तुला भीती नाही वाटत?"

"माझ्या पोटची आहे ती. भीती कसली?" आता तिने माझ्याकडे पाहिलं. "मला त्रास एकाच गोष्टीचा होतो. लेक घरात बोलतेय आणि मला ओ की ठो कळत नाही. तुला कळतं. काय म्हणते ती?"

"काही नाही गं. नुसते शब्द. पाठांतर."

"शब्द कुणी उगीच पाठ करतं का? काहीतरी सांगायचं असतं म्हणूनच करतं."

खरं सांगते, भुताची भीती मला केव्हाच उरली नव्हती. ज्या माणसाच्या जाण्याचं दुःख आहे त्याचा आवाज आला तर पहिले काही दिवस काटा येतो, मग त्याचीच वाट बघायला लागतो आपण. मला भीती होती, ती काय सांगेल याची. तिचे शब्द पुरे होत आले होते. ते पुरे झाले की ती वाक्य बोलणार, आणि त्या वाक्यात नऊ फोन असणार.

"लोकांच्या लेकींसाठी परीक्षेला बसतेयस," आई म्हणाली. "मग घरच्या लेकीचं आधी सांग मला. नाहीतर जाळ ते तुझे कागद."

आतून पुन्हा तोच शब्द आला. त्यामागे विल्बरला ऐकू आलेला तो दम मलाही आता ऐकू येत होता.

५

आईने दोन खुर्च्या उचलून अरेलीच्या खोलीसमोर मांडल्या, पडद्यापासून हातभर अंतरावर. एकीवर ती बसली, ॲप्रनमध्ये हात गुंडाळून. दुसरीवर मी. अकरा वाजले होते. पत्र्याच्या फटींतून ऊन जमिनीवर पडलं होतं आणि घरात सगळं नेहमीसारखं स्पष्ट दिसत होतं. मला अंधार असता तर बरं वाटलं असतं.

परीक्षेत म्हणायचं ते वाक्य मी इंग्रजीत म्हटलं. मी दुभाषी आहे, तुम्ही जे बोलाल ते सगळं सांगितलं जाईल, बोला.

पडदा जमिनीपर्यंत पोचत नाही, वीतभर वर असतो. त्या वीतभर जागेत दोन पावलं होती. पिवळे मोजे घातलेली. डावं पाऊल थोडं उचललेलं होतं, तळव्याला रबराचे ठिपके दिसत होते. पेशंट घसरू नये म्हणून तिकडच्या हॉस्पिटलांत देतात तसले. ते विल्बरच्या यादीत होते, म्हणून मला ओळखता आले. आमच्या बाजारात तसले मोजे मिळत नाहीत. उजवं पाऊल आत वळलेलं होतं, अरेलीचं लहानपणापासून वळायचं तसं. मी त्याच्यावर नजर ठेवू शकले नाही, आणि काढूनही घेऊ शकले नाही.

मग ती बोलली. तीन-चार वाक्यं, सलग. इंग्रजी चोख होतं, माझ्यापेक्षाही. मधेमधे श्वास पुरत नव्हता.

"काय म्हणाली?" आईने विचारलं.

मला गाळता आलं असतं. आईला इंग्रजीतलं 'ओके' सोडून काही येत नाही. 'ती सुखात आहे म्हणते' एवढं सांगितलं असतं तर आई रडली असती, मशीनवर कॉफी ठेवली असती, आणि माझी मूठ झाकलेली राहिली असती. चार सेकंद गेले. पडद्यापलीकडून तो दम ऐकू येत होता. माझी लाईन तुटली की काय असं वाटून ती थांबली होती.

"मी यानिराला फोन लावतेय," मी आईला म्हणाले. माझा आवाज मला परका वाटला. "नऊ वेळा लावला. ती उचलत नाहीये. मी यांना सांगतेय की थोडं थांबा, माझ्या बहिणीला छान इंग्रजी येतं, ती उचलेल. बहीण, इंग्रजी, थांबा. सकाळपासून मी एवढंच म्हणतेय. मला एवढंच म्हणता येतं."

आई माझ्याकडे बघत राहिली. चार वर्षं रोज विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिला मिळालं होतं, आणि ते माझ्या तोंडून आलं होतं.

"नऊ वेळा," ती म्हणाली.

दुभाषीने स्वतःचं काही बोलायचं नसतं. मी नियम मोडला. "फोन कपाटात होता, आई. कुलपात. मी कामावर होते. संध्याकाळी बघितलं. मी तुला सांगायला हवं होतं, मला तोंड नव्हतं." चार वर्षांचं रडू एकदम आलं, आणि मी लहान पोरीसारखी तोंडावर हात दाबून रडले.

आई रागावली असती तर मला सोसलं असतं. तिने ॲप्रनचं टोक माझ्या हातात दिलं, मी डोळे पुसले. पडद्याखालची पावलं हलली नव्हती. आई तिकडे बघत होती, दारात आलेल्या पाहुण्याकडे बघावं तशी.

"तिला सांग," ती म्हणाली, "उचलला म्हणावं."

"काय?"

"फोन. बहिणीने उचलला म्हणावं. आता सांग काय होतंय ते."

मी ते इंग्रजीत सांगितलं. सोपे शब्द होते, अरेलीलाही पूर्वीपासून येणारे.

पिवळे मोजे एकमेकांजवळ आले. कापड हललं, जणू कुणी त्याला टेकून उभं राहिलं, आणि पडद्यावर कपाळाएवढा एक उंचवटा आला. मग तिने सुरुवात केली. घाई केली नाही. कुठे दुखतंय, कधीपासून, आधी कसं होतं, आता कसं आहे. महिनाभर पाठ केलेला एकेक शब्द ती आपापल्या जागी ठेवत गेली आणि दर वाक्याशेवटी माझ्यासाठी थांबत गेली.

एकची बस गेली. मी सांगत होते.

"मला पहाटेपासून दुखतंय," मी आईला म्हणाले. "आधी बेंबीपाशी होतं, मुकं. आता उजवीकडे सरकलंय. सुरी खुपसल्यासारखं. इथे."

आईने खुर्ची जवळ ओढली आणि माझ्या उजव्या कुशीवर हात ठेवला. दुखत होतं तिथे.